सोबत नकाशा जोडला आहे

सोसायटीची मॅनेजर म्हणजे नक्की कोण, हे बावीस वर्षांनंतरही मला एका वाक्यात सांगता येत नाही. वॉचमनला वाटतं मी कमिटीची. कमिटीला वाटतं मी त्यांची नोकर. आणि वॉर्ड ऑफिसात गेले की तिथले लोक "आल्या बिल्डिंगवाल्या" म्हणून आधी चहा सांगतात आणि मग फाइल शोधतात. मुलुंडला दोन सोसायट्या केल्या, अंधेरीला एक, आणि गेली अकरा वर्षं घाटकोपर पूर्वेला चार विंगांच्या सोसायटीत आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, गेटच्या आत सोसायटीचं राज्य आणि गेटबाहेर पालिकेचं. तसं असतं तर माझी गरजच पडली नसती. झाड तुमच्या कंपाउंडात, लावलंय तुमच्या आजोबांनी, पण फांदी छाटायला परवानगी पालिकेची. कचरा पालिका उचलते, पण ओला-सुका वेगळा केला नाही तर नोटीस सोसायटीला. पाणी मीटरपर्यंत त्यांचं आणि मीटरपुढे तुमचं, म्हणून पाइप गळायला लागला की आधी गळती मीटरच्या कुठल्या बाजूला आहे यावर वाद, मग प्लंबर. गच्चीवर पत्रा टाकायचा ठराव सभेनं एकमतानं केला, टाळ्या वाजवल्या, तरी पालिकेच्या लेखी तो नुसता कागद. उलट कुत्रा पाळायचा परवाना पालिका देते, आणि तो कुठल्या लिफ्टनं न्यायचा यावर आमची सभा तीन तास भांडते.

काही विषय तर दोघांच्याही हाताबाहेरचे. सातव्या मजल्यावरचे एक गृहस्थ दर सभेला यायचे आणि डोक्यावरून जाणाऱ्या विमानांचा आवाज कमी करा म्हणायचे. मी दर वर्षी इतिवृत्तात लिहायचे, "विषयाची नोंद घेण्यात आली." ते समाधानानं घरी जायचे.

लिहिणं हीच माझी खरी कमाई. पत्र मी चांगलं लिहिते. विषय, संदर्भ, अर्ध्या पानात मुद्दा, आणि खाली 'सोबत' म्हणून पुरावा जोडलेला. पुराव्याचं पत्र टेबलावरून हलतं, नुसतं रडगाणं हलत नाही, हे मी हाताखाली येणाऱ्या नव्या पोरींना शिकवत आले. त्याच शिकवणीनं मला एकदा चांगलं तोंडावर पाडलं. ती गोष्ट सांगते.

आमच्या ए विंगच्या कोपऱ्यावर, भिंतीच्या बाहेर, जंगली बदामाचं मोठं झाड आहे. त्याखाली चंद्राबाई मासे विकायच्या. राहणार माहुल, घरची होडी. खाडीत मिळेल ते आणायचं, बोईट, निवट्या, चिंबोऱ्या, मूठभर कोळंबी, आणि खाडीनं हात आखडला तर पहाटे धक्क्यावर जाऊन पापलेट-सुरमई. सकाळी नऊला बसायच्या, बाराला उठायच्या. त्यांच्या आधी त्यांची सासू बसायची. म्हणजे आमच्या बहुतेक सभासदांपेक्षा त्यांचा त्या पत्त्यावरचा मुक्काम जुना.

त्या वर्षी प्रधान सेक्रेटरी झाले. माणूस कामाचा, पण उत्साह जरा जास्त. इमारतीला रंग काढला, गेटवर सोसायटीच्या नावाची संगमरवरी कमान उभी केली, वॉचमनची चौकी नवी बांधली, समोर तुळशीची कुंडी ठेवली. मग एक दिवस माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, गेट झकास झालं ना?"

"झालं."

"आणि कोपऱ्यावर ते? माशांचा बाजार? लोक काय म्हणतील?"

"कोण लोक?"

"लोक म्हणजे... लोक हो. पाहुणे. पालिकेला एक पत्र टाका."

प्रधानांच्या घरी आठवड्याचे चार दिवस मासे असतात आणि सोड्याच्या खिचडीवर ते अर्धा तास बोलू शकतात. पण हल्ली त्यांचे मासे मोबाइलवरून यायचे, साफ करून, डब्यात, बर्फासकट. मला हे सगळं माहीत होतं आणि मी काही बोलले नाही. सेक्रेटरी सांगेल ते पत्र लिहिणं हे माझं काम, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

विषय टाकला, 'पदपथावरील अनधिकृत मासळीविक्रीबाबत'. फाइलमधून प्लॉटचा मंजूर नकाशा काढला, कोपरा गेटच्या किती जवळ आहे ते साहेबांना दिसावं म्हणून. मोठा कागद, झेरॉक्सवाल्यानं चार भागांत कॉपी काढून चिकटवून दिला. मी पुन्हा घडी घातली आणि जोडला. नकाशा बघितला का म्हणाल तर बघितला. खाली शिक्का आहे की नाही, तेवढा.

पुढच्या बुधवारी, ऐन विक्रीच्या दिवशी, पालिकेची गाडी आली. पदपथावर मांडलेल्या माशांच्या दोन पाट्या आणि तराजू उचलून घेऊन गेली. पाच मिनिटांत कोपरा रिकामा. चंद्राबाई आमच्या गेटवर आल्या. 'फेरीवाल्यांना आत येण्यास सक्त मनाई' असा आमचाच बोर्ड, म्हणून वॉचमननं त्यांना अडवलं आणि मीच बाहेर गेले.

"बाय, कागद तू लिवलास?"

"हो."

"का गो? वास येतो म्हनून?"

"कमिटीचा निर्णय आहे."

"कमिटीला नाक हाय, तोंड बी असंल ना? एक जन माज्याशी बोल्ला नाय."

मी म्हटलं, दहा मिनिटांवर बाजार आहे, तिथे बसा. 

"तिथं वट्टा मला कोन देल? बसनाऱ्यांच्या पिढ्या झाल्या तिथं. माजी गिऱ्हाइकं हितली. महिनाभर मी दिसली नाय तर ती मोबाइलवाली व्हतात. धंदा मासलीचा नसतो बाय. जाग्याचा असतो."

जाता जाता म्हणाल्या, "माज्या सासूची मासली कापायची कोयती कुठं पडली या गडबडीत. ती तेवडी शोध."

मी वॉचमनला घेऊन गटाराच्या जाळीपर्यंत शोधलं. नाही मिळाली.

मग चंद्राबाई डोक्यावर पाटी घेऊन आसपासच्या गल्ल्यांत फिरायला लागल्या. गुडघे दुखरे, वय साठीला टेकलेलं. आमच्या लोकांनी दोन-तीन दिवस "अरे, बाई दिसत नाहीत" असं म्हटलं आणि मग म्हणायचं सोडलं. चंद्राबाईंचा हिशेब अगदी बरोबर होता.

कोपरा मात्र रिकामा राहिला नाही. आधी नारळाच्या करवंट्या आल्या. मग कुणीतरी फुटकं बेसिन आणून टाकलं. मग एक गादी. आणि एकदा अशी सुरुवात झाली की पुरुषमंडळींना भिंत दिसते, ती भिंत कशासाठी आहे हे त्यांना सांगावं लागत नाही.

तिसऱ्या आठवड्यात शहा काकू ऑफिसात आल्या. ए विंग, पहिला मजला, खिडकी बरोबर बदामाच्या वर. घरात कांदासुद्धा नाही. मासळीची तक्रार करण्याचा हक्क कुणाला असेल तर तो त्यांना, आणि त्यांनी इतक्या वर्षांत ती कधी केली नव्हती.

"मॅडम, जरा माझ्या खिडकीत येऊन उभ्या राहा."

मी गेले. उभी राहिले. दीड मिनिटात मागे फिरले.

"मासळीचा वास बाराला जायचा," काकू म्हणाल्या. "ती बाई दोन बादल्या पाणी टाकून, झाडू मारून जायची. हा वास जातच नाही. आणि ती बसलेली असताना इथे उभं राहायची कुणाची हिंमत होती?"

मी खाली येऊन दुसरं पत्र लिहिलं. 'कोपऱ्यावरील कचरा व अस्वच्छतेबाबत.' आणि हाताच्या सवयीनं खाली पुन्हा, सोबत नकाशा जोडला आहे.

या वेळी पत्राबरोबर माणूस आला. म्हणजे बाई आली. गायकवाड, कनिष्ठ अभियंता, तिशीची, पायात स्पोर्ट शूज, काखेत आमची फाइल. तिनं नकाशा पूर्ण उलगडून गाडीच्या बॉनेटवर पसरला.

"मॅडम, हा नकाशा तुम्हीच जोडलाय ना? दोनदा?"

"हो."

"वाचलात?"

मी खालच्या शिक्क्यावर बोट ठेवलं.

"टेपचं टोक धरा," ती म्हणाली.

मी धरलं. इमारतीच्या कोपऱ्यापासून तिनं नकाशातलं अंतर मोजत नेलं. टेप भिंतीला लागली, भिंतीवरून पलीकडे गेली, बदामाच्या बुंध्याच्याही पुढे गेली आणि पदपथाच्या कडेला थांबली. "तुमची हद्द इथपर्यंत. भिंत बांधताना झाड आडवं आलं असणार, गवंड्यानं आतून वळवली. हा त्रिकोण तुमचा आहे."

प्रधान तोपर्यंत खाली आले होते. "म्हणजे जागा वाढली की आपली!" त्यांचा चेहरा उजळला.

"थांबा," गायकवाड म्हणाली आणि गेटकडे चालायला लागली.

इथे वाचकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. इमारत बांधताना, पुढेमागे रस्ता रुंद करायचा म्हणून प्लॉटच्या कडेची एक पट्टी पालिकेला द्यावी लागते. तिला सेटबॅक म्हणतात. आमच्या बिल्डरनं ती गेटच्या बाजूला रीतसर दिली होती, कागद झाले होते. पण रस्ता काही लगेच रुंद झाला नाही, आणि मधली पट्टी आमचीच आहे असं आम्ही धरून चाललो. नुसतं धरून चाललो नाही, सजवली.

गायकवाडनं गेटपाशी टेप लावली. वॉचमनची नवी चौकी, पट्टीत. तुळशीची कुंडी, पट्टीत. संगमरवरी कमानीचा एक पाय सोसायटीत आणि दुसरा पालिकेत.

मी विचारलं, "म्हणजे चंद्राबाई आमच्या जागेत बसायच्या आणि आमचा वॉचमन तुमच्या?"

"पाट्या पदपथावर होत्या, त्या उचलल्या, ते बरोबर. पण भिंतीला टेकून बसणारी बाई तुमच्या जागेत होती, हो."

"वाट लागली," प्रधान म्हणाले.

गायकवाडनं आवाज चढवला नाही, दमही दिला नाही. चौकी, कुंडी आणि कमान आत घ्या, लेखी मुदत देते म्हणाली. कोपऱ्यातला कचरा तुमच्या प्लॉटमधला, म्हणजे तुम्हीच उचला. आणि मग फाइल बंद करता करता माझ्याकडे बघून बोलली, "त्या जागेत कुणाला बसू द्यायचं हे सोसायटीनं ठरवायचं. मासे विकायचा परवाना मात्र आमच्याकडून. सोसायटीची ना-हरकत असेल तर अर्ज येऊ दे, मी जागा पाहून अहवाल देईन. एकट्या तुमच्यानं होणार नाही, एकट्या आमच्यानं पण नाही."

ती गेली आणि प्रधानांनी तिथल्या तिथे तोडगा काढला. "मॅडम, भिंत पुढे घ्या. आठवड्यात."

"नवी भिंत म्हणजे पालिकेची परवानगी. पाया खणायचा तर बदामाच्या मुळ्या, त्याची वेगळी परवानगी. पत्र लिहू? नकाशा जोडू?"

ते लिफ्टकडे गेले.

मी चंद्राबाईंना फोन केला. उचलला नाही. दोन दिवसांनी मीच माहुलला गेले. त्या दारात बसून जाळं विणत होत्या. मी येताना 'माफ करा' असं म्हणायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात म्हणाले, "रविवारी सभा आहे. कोपऱ्याचा विषय आहे. या."

"मला आत सोडतील? बोर्ड हाय ना तुमचा."

"मी गेटवर उभी राहीन."

"कागद तूच लिवलास आनि आता तूच बोलवतेस?"

"हो. तेव्हा नकाशा न बघता लिहिला. आता बघितलाय." मग मी त्यांना त्रिकोणाचं सांगितलं. त्यांनी विणायचं थांबवून सगळं ऐकलं.

"म्हंजे माजी सासू बरोबर जाग्यावर बसत व्हती," त्या म्हणाल्या आणि पुन्हा सुई उचलली. येते म्हणाल्या नाहीत.

रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या लागल्या. विषय एक, चौकी हलवणे. तो दहा मिनिटांत झाला, कारण दुसरा मार्गच नव्हता. विषय दोन, कोपरा. कुणी म्हणालं बाग करा. कुणी म्हणालं दोन स्कूटर लागतील. कुणी म्हणालं सोसायटीच्या जागेत धंदा कशाला, उद्या वडापाववालाही येईल. हा मुद्दा खोटा नव्हता, आणि सभेचा कल हळूहळू 'नको'कडे जायला लागला. चंद्राबाई तोपर्यंत आल्या होत्या. धुतलेलं लुगडं, डोक्यात अबोली, मागे खांबाला टेकून उभ्या. सभासद नसलेल्याला सभेत बोलता येत नाही. मी अध्यक्षांची परवानगी काढून त्यांना निमंत्रित करून घेतलं होतं, पण विषय तेव्हाच मतदानाला टाकला असता तर त्या निमंत्रणाचा काही उपयोग नव्हता.

शहा काकू उठल्या. "मी मासे खात नाही. माझ्या खिडकीखाली आहे म्हणून बोलते. बाग केलीत तर पाणी कोण घालणार, नावं सांगा." कुणी नावं सांगितली नाहीत. "स्कूटरच्या मागे उभं राहून माणसं काय करतात ते मी रोज बघते. मला तिथे बघणारं माणूस पाहिजे. ही बाई इतकी वर्षं तिथे झाडू मारत होती आणि आपल्याला वाटायचं की पालिका मारते."

मग प्रधान उठले. म्हणाले, प्रश्न स्वच्छतेचा आहे, स्टँडर्डचा आहे. मागून आवाज आला.

"परधान सायेब, तुमची आये माज्या सासूकरशी पापलेट घेई. कल्ला उगडून बघे, पोट दाबून बघे, मग दोन शिव्या देई आनि घेई. तवा इस्टँडर नव्हता काय?"

पार्किंग हसलं. प्रधानही हसले, ते मला आवडलं. म्हणाले, "आई शिव्या देत नव्हती."

"तुमच्यासमोर नसंल देत."

त्यानंतर सभेचं भांडण 'द्यायची की नाही' यावरून 'कशी द्यायची' यावर आलं, आणि तिथे आलं की मला काम करता येतं. मी वही उघडली. पाट्या बदामाच्या आत, पदपथावर एक इंचही नाही. खांब, पत्रा, बांधकाम काही नाही, छत्री चालेल. त्रिकोणात गाडी कुणाचीही लागणार नाही. पाणी आमच्या बागेच्या नळाचं, पण सांडपाणी बादलीत, गटारात खवले जाणार नाहीत. वेळ नऊ ते बारा.

"साडेबारा," चंद्राबाई म्हणाल्या. "धुवायला येल लागतो."

"साडेबारा."

"आनि सोमवारी मी येत नाय. त्या दिवशी कोपरा कोन बघल?"

 प्रधान म्हणाले, "वॉचमन बघेल." परवानगी एक वर्षाची, दर वार्षिक सभेत नव्यानं. सूचक शहा. अनुमोदकासाठी मी वर बघितलं. प्रधानांनी हात वर केला होता.

तिसरं पत्र लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. अर्ज चंद्राबाईंचा, ना-हरकत आमची, अटी ठरावातल्या, आणि सोबत नकाशा. या वेळी त्रिकोण लाल पेनानं रंगवलेला, मापं माझ्या हातानं घेतलेली. गायकवाडनं येऊन पुन्हा मोजलं, माझा एक आकडा दोन इंचांनी चुकलेला काढला आणि अहवाल चांगला दिला. परवाना यायला वेळ लागला. वेगवेगळ्या खात्यांचे शेरे लागतात, लागायलाच हवेत. मधल्या काळात मी दर आठवड्याला वॉर्ड ऑफिसात जाऊन चहा प्यायले. परवाना आला. चौकी आत गेली, कमानीचा पाय आत गेला, आणि गेटसमोरचा पदपथ इतका मोकळा झाला की आमचे म्हातारे आता तिथे सकाळी चालतात.

सगळं जुळून आलं असं मी म्हणणार नाही. निम्मी गिऱ्हाइकं मोबाइलकडे गेली ती गेलीच. कोयतीही मिळाली नाही. चंद्राबाईंनी नवी घेतली आहे, चांगली चालते, पण कोळंबी सोलता सोलता कधी थांबतात आणि तिच्या मुठीकडे बघतात, तेव्हा मी दुसरीकडे बघते. ते पहिलं पत्र अर्ध्या पानाचं होतं. लिहायला दहा मिनिटं लागली होती. आता माझ्या टेबलाच्या खणात टेप असते आणि तक्रारीचं कुठलंही पत्र लिहिण्याआधी मी तिथे स्वतः जाऊन येते. नव्या पोरींनाही आता तेच आधी शिकवते.

ठरावाची प्रत चंद्राबाईंनी लॅमिनेट करून घेतली. झाडाला खिळा ठोकायचा नाही हे मी सांगितलं होतं, म्हणून सुतळीनं बुंध्याला बांधली आहे. त्यांना वाचता येत नाही, पण कुठला नियम कितव्या ओळीत आहे ते पाठ आहे.

मागच्या शुक्रवारी मी ऑफिसातून बाहेर पडले तर प्रधान त्रिकोणात स्कूटर लावून हेल्मेट काढत होते.

"दोन मिनिटं चंद्राबाई. बोंबील घेतो आणि निघतो."

"सायेब, ही सोसायटीची जागा हाय. गाडी लावायची नाय. तिसरी वल वाचा."

"अहो, ठरावाला माझीच सही आहे!"

"म्हनून तर बोलते." मग त्यांना मी दिसले. "बाय, ह्यांना कागद लागतो ना इथं गाडी लावायला?"

"लागतो," मी म्हटलं. "दोन. एक सोसायटीचा, एक पालिकेचा."

प्रधानांनी स्कूटर ढकलत गेटच्या आत नेली, लावली आणि पिशवी घेऊन चालत परत आले. चंद्राबाईंनी तोवर बोंबील निवडून ठेवले होते. प्रधान वाकले आणि एकेक दाबून बघायला लागले.